साथ धरणारा हात



एखादे गाणे मनात घर करते, तेव्हा आपण नाव घेतो ते गाणाऱ्याचे. फार तर मधल्या जागेत ज्याने झरझर तुकडा वाजवला, त्याचे. पण त्या दोघांच्या पायाखालची जमीन धरून बसलेला आणखी एक जण असतो. पोवाड्यात शाहिराचे नाव होते आणि झीलकरी मागे राहतो ना, तसेच हे. आज मी अशाच एका साथीदाराविषयी आणि तो जिच्यात वाजवतो त्या ध्वनिमुद्रिकेविषयी बोलणार आहे. ध्वनिमुद्रिका इंग्लंडातली, डिसेंबर 1969 मध्ये निघालेली. तिचे नाव 'लीज अँड लीफ'. दोन्ही शब्द मध्ययुगीन इंग्रजीतले. एकाचा अर्थ निष्ठावान, दुसऱ्याचा प्रिय. वाजवणाऱ्या मंडळीचे नाव 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन', आणि आपला साथीदार म्हणजे गिटार वाजवणारा सायमन निकोल.

'फेअरपोर्ट' हे मुळात एका घराचे नाव, बरं का! उत्तर लंडनमधल्या मझवेल हिल भागातले हे घर निकोल कुटुंबाचे. तिथे सायमन, अ‍ॅशली हचिंग्ज आणि रिचर्ड थॉम्पसन ही पोरे तालमीला जमत. 1967 साली त्यांनी संच काढला आणि घराचे नाव संचाला दिले. सुरुवातीला त्यांचा ओढा अमेरिकन धाटणीच्या गाण्यांकडे होता. पुढच्या वर्षी सँडी डेनी ही गुणी गायिका त्यांना येऊन मिळाली.

आणि मग घात झाला. 12 मे 1969 च्या पहाटे बर्मिंगहॅमचा कार्यक्रम आटोपून परतताना त्यांची गाडी महामार्गावरून खाली कोसळली. ड्रम वाजवणारा मार्टिन लँबल गेला. वय अवघे 19! थॉम्पसनची मैत्रीण जीनी फ्रँकलिन हीही गेली. इतर जण जखमी झाले. अंगावरच्या जखमा भरून येतील, पण पुन्हा वाद्य हाती धरायचे की नाही, हा खरा प्रश्न होता. सायमन त्या वेळी 18 वर्षांचा होता.

त्यांनी धरायचे ठरवले. त्या उन्हाळ्यात मंडळी विंचेस्टर गावाजवळ फार्ली चेंबरलेन या खेड्यात एका मोठ्या घरात राहायला गेली. डेव्ह स्वॉर्ब्रिक हा नाणावलेला फिडलवादक, म्हणजे आपण ज्याला व्हायोलिन म्हणतो ते वाजवणारा, संचात आला. ड्रमवर डेव्ह मॅटॅक्स आला. आणि नव्याने उभे राहण्यासाठी त्यांनी हात घातला तो फार जुन्या गाण्यांना.

ही गाणी मिळाली कुठून? शिक्षक बंधुभगिनींनी इकडे जरा लक्ष द्यावे. 1903 साली सेसिल शार्प या संगीतशिक्षकाने सॉमरसेट परगण्यात एका माळ्याच्या तोंडचे गाणे ऐकले, लिहून घेतले आणि पुढे आयुष्यभर तेच काम केले. त्याच्याही आधी फ्रान्सिस चाइल्ड या अमेरिकन प्राध्यापकाने इंग्लंड-स्कॉटलंडची 305 कथागीते पाठभेदांसह छापली होती. लंडनच्या सेसिल शार्प हाउसमधल्या ग्रंथालयात बसून हचिंग्जने हे धन धुंडाळले. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनातही या संग्राहकांची आठवण छापली आहे.

पण कागदावर उतरवलेले गाणे झोपलेले असते. त्याला जागे करायचे म्हणजे गळा हवा आणि ठेका हवा. इथे एक अडचण होती. ही कथागीते पूर्वी बहुधा साथीवाचून, नुसत्या गळ्यावर गायली जात. तेव्हा विजेच्या गिटारीने साथ करायची कशी, याचा तयार धडा नव्हता. स्वरमेळ फार भरले तर जुनी चाल गुदमरते, आणि फार थोडे दिले तर गाणे लुळे पडते. कुठे हात घालायचा आणि कुठे आवरायचा, हे हातानेच शोधायचे होते.

'मॅटी ग्रोव्ह्ज' हे गाणे ऐका. सरदाराची बायको एका तरुणाला घरी बोलावते, नवरा परत येतो आणि पुढे तलवारी निघतात. कडव्यामागून कडवे, चाल तीच. ऐकणारा कंटाळायचाच! पण कंटाळत नाही, कारण डेनीच्या आवाजाखाली ठेका कथेबरोबर ताणला जातो. कथा संपल्यावर थॉम्पसनची गिटार आणि स्वॉर्ब्रिकचे फिडल यांची जी धावपळ सुरू होते, तिची वाहवा सगळे करतात, आणि ती रास्तच आहे. मात्र त्यांना इतक्या बिनधास्तपणे धावता येते, याचे कारण खाली निकोलचा हात हचिंग्जच्या खर्जाला आणि मॅटॅक्सच्या ड्रमला धरून राहतो. 'टॅम लिन'मध्ये तर सगळे मिळून घाव घालतात आणि श्वासभर थांबतात. ते थांबणेही एकदमच व्हावे लागते. एकाचा हात पुढे गेला की डौल मोडला.

ध्वनिमुद्रिका बाहेर येण्याआधीच डेनी आणि हचिंग्ज संच सोडून गेले. 1971 च्या आरंभी थॉम्पसन गेला. त्या वर्षाअखेर निकोलही गेला. पण 1976 साली तो परतला. 1979 मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या क्रॉप्रेडी या खेड्यात संचाने निरोपाचा कार्यक्रम केला, आणि गंमत पहा, निरोपाचेच पुढे वार्षिक संमेलन झाले! 1985 साली संच पुन्हा उभा राहिला. तेव्हा पुढे उभे राहून गाणारा कोण? तर आजवर मागे बसलेला सायमन निकोल. 'मॅटी ग्रोव्ह्ज' आता त्याच्या गळ्यातून ऐकू येऊ लागले.

2006 साली बीबीसीच्या लोकसंगीत पुरस्कारांत 'लीज अँड लीफ' ही सर्वांत प्रभावी लोकसंगीत ध्वनिमुद्रिका ठरली. पुढच्या वर्षी क्रॉप्रेडीला थॉम्पसन, हचिंग्ज, स्वॉर्ब्रिक, मॅटॅक्स आणि निकोल यांनी ती सबंध वाजवली. सँडी डेनी 1978 सालीच वारली होती. तिची गाणी दुसऱ्या गायिकेने गायिली.

थोर वादकांची नावे मोजताना थॉम्पसनचे नाव आधी येते, निकोलचे क्वचितच. त्याने त्याचे वादन उणे होत नाही. दुःखाने खचलेली चार-पाच माणसे पुन्हा उभी राहतात, तेव्हा त्यांना जसा भरारी घेणारा लागतो, तसा आपली जागा न सोडणाराही लागतो. ही ध्वनिमुद्रिका ऐकायला मिळाली, तर एकदा गाणाऱ्याकडे लक्ष द्या आणि दुसऱ्यांदा खालच्या त्या गिटारीकडे. गाणे तेच असेल, पण ते कशावर उभे आहे ते तुम्हाला ऐकू येईल.