संशयिताची जात आणि प्रेक्षकांचा कौल



‘दिल्ली क्राइम’ या मालिकेचे दुसरे पर्व २६ ऑगस्ट २०२२ रोजी नेटफ्लिक्सवर आले, तेव्हा त्याच्या प्रेक्षकांत सरळसरळ तीन तट पडले. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्कार प्रकरणाच्या तपासावर आधारलेले पहिले पर्व २०१९ मध्ये गाजले होते. २०२० मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला होता. त्यामुळे अपेक्षा मोठ्या होत्या. पहिला तट म्हणाला, पूर्वीची पकड उरली नाही, पाच भागांत कथा उरकली. दुसऱ्या तटाला समाधान वाटले की, विमुक्त जमातींवरील अन्याय लोकप्रिय मालिकेत उघडपणे उच्चारला गेला. तिसऱ्याचा आक्षेप असा की, अन्याय करणारे पोलीस आणि तो दूर करणारेही पोलीसच. मग ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचे स्थान कोणते?

या मतभेदाकडे केवळ रुचिभेद म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. त्याच्या मुळाशी एक जुना सामाजिक प्रश्न आहे.

आधी कथा थोडक्यात. दक्षिण दिल्लीच्या सधन वस्तीत वृद्ध जोडप्यांच्या निर्घृण हत्या होतात. मारेकरी चड्डी-बनियनवर, अंगाला तेल चोपडून येतात. जुनी ‘कच्छा-बनियन टोळी’ परतली अशी हाकाटी होते. वरिष्ठांचे दडपण वाढते. मग एका निवृत्त अधिकाऱ्याला पाचारण केले जाते. विशिष्ट जमातींच्या रक्तातच गुन्हा असतो, अशी त्याची श्रद्धा आहे. वस्तीवर धाड पडते, माणसे ठाण्यात आणून बसवली जातात. पुढे उलगडते की खरे गुन्हेगार वेगळेच आहेत. स्वतःच्या ब्यूटी पार्लरचे स्वप्न पाहणारी एक स्त्री त्यांची म्होरकी आहे. त्यांनी त्या टोळीची केवळ रीत उसनी घेतली आहे.

कथेतील सर्वांत बोलकी गोष्ट हीच आहे. ही उसनी रीत उपयोगी पडते, कारण पोलिसांच्या मनात संशयित आधीच तयार असतो. चड्डी-बनियन दिसताच तपासाची दिशा ठरते; पुराव्याचा शोध नंतर सुरू होतो.

हा तयार संशय आला कोठून? त्याची जन्मतारीखच सांगता येते. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार, असा त्यामागील राज्यकर्त्यांचा तर्क होता. जातिव्यवस्थेचे हे सूत्र परकीय सत्तेने उचलले आणि त्याला कायद्याचे बळ दिले. पुढे १९११ व १९२४ साली कायद्याची व्याप्ती वाढली. नोंदणी, बोटांचे ठसे, ठरावीक वेळी हजेरी आणि परवान्याशिवाय गाव सोडण्यास बंदी, असे ते जगणे होते.

महाराष्ट्राला याचे स्मरण करून देण्यासाठी दिल्लीची मालिका लागू नये. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील ‘सेटलमेंट’मध्ये अनेक जमातींना डांबून ठेवले गेले आणि तेथील स्त्री-पुरुष कापडगिरण्यांत राबले. सुधारणेच्या नावाखाली भांडवलाला हुकमी मजूर मिळाले. संशय आणि शोषण यांचे नाते असे जवळचे असते. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा मराठी वाचकाला हे जग आतून दिसले. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा रद्द झाला. मालिकेचे दुसरे पर्व आले ते या विमुक्तदिनाच्या अवघे पाच दिवस आधी. परंतु जुना कायदा जाताच राज्याराज्यांत ‘सराईत गुन्हेगार’ कायदे उभे राहिले. मुंबई राज्याने १९५९ साली तसा कायदा केला. कागदावर जमातीच्या जागी व्यक्ती आली, तरी ठाण्यातील नजर तीच राहिली.

या पार्श्वभूमीवर तिन्ही तटांची मते तपासली पाहिजेत. अन्यायाचा उच्चार झाला म्हणून आनंदणारे चूक नाहीत. ज्या माध्यमात संशयिताच्या वस्तीवरील धाड एरवी केवळ थरारासाठी दाखवली जाते, तेथे त्या धाडीविषयी प्रश्न उपस्थित झाला ही मोलाची गोष्ट आहे. पण तिसऱ्या तटाचा आक्षेप अधिक खोल आहे. मालिकेत निरपराधांची सुटका पोलीस उपायुक्त वर्तिका चतुर्वेदी यांच्या विवेकावर अवलंबून आहे. शेफाली शाह यांनी ती भूमिका विलक्षण संयमाने केली आहे. तथापि नागरिकाचे स्वातंत्र्य अधिकाऱ्याच्या चांगुलपणावर लोंबकळत असेल, तर ती कृपा झाली; तिला हक्क म्हणता येणार नाही. उद्या त्या खुर्चीवर दुसरा अधिकारी आला तर?

शिवाय, ही माणसे पडद्यावर मुख्यतः संशयित म्हणूनच भेटतात. ती पोट कशी भरतात, मुलांना शाळेत कोण घेते, जातीचा दाखला का मिळत नाही, यांचा पत्ता प्रेक्षकाला फारसा लागत नाही. निर्दोष ठरताच ती कथेतून अस्तंगत होतात. जणू आरोपाखेरीज त्यांना आयुष्यच नाही! पकड सुटली म्हणणाऱ्या पहिल्या तटाने याचाही विचार करावा. खून कोणी केला, या रहस्यापेक्षा संशय कोणावर आणि का गेला, हे रहस्य कमी गुंतवणारे वाटावे, यात प्रेक्षकाच्या सवयीचाही भाग आहे.

न्यायालयानेही अलीकडे या सवयीची दखल घेतली. मागास समाजांतील निरपराधांची नावे पोलिसांच्या हिस्ट्रीशीटमध्ये यांत्रिकपणे चढवली जाऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये बजावले. सुकन्या शांता या पत्रकार महिलेच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल देताना त्याच न्यायालयाने तुरुंगांतील जातीनिहाय कामवाटप घटनाबाह्य ठरवले. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये, असा आदेशही पोलिसांना दिला.

निकाल आपोआप ठाण्यापर्यंत पोहोचत नाही. तो पोहोचवणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. तालुक्यात चोरी झाली आणि रात्री पारध्यांच्या पालावर गाडी गेली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात जाऊन अटकेचे कारण विचारणारा, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करण्याची आठवण देणारा, वकील मिळवून देणारा माणूस हवा. वृत्तपत्रात संशयिताच्या नावाआधी जमात छापली जाते, तेथे हरकत घेणाराही हवा. आणि हे करण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःच्या बोलण्याकडे एकदा कान द्यावा. कारण जमातीची नावे शिवी म्हणून वापरणारी भाषा पुरोगाम्यांच्या घरातूनही पुरती गेलेली नाही.

मालिका चांगली की वाईट, यावर प्रेक्षकांनी खुशाल वाद घालावा. पण पडदा बंद झाल्यावर ज्यांच्या दाराशी पोलिसांची गाडी खरोखर येऊन उभी राहते, त्यांच्या बाजूला कोण उभे राहते, यावरच त्या वादाचा खरा निकाल लागणार आहे.