घराभोवतीची मोकळी जागा

गावाच्या कडेला नवी वस्ती उभी राहू लागली की एक तक्रार हमखास कानी येते. कोणी एक गृहस्थ जन्माची पुंजी खर्च करून तीनशे चौरस मीटरचा भूखंड घेतो. घराचा नकाशा मंजुरीसाठी जातो आणि उत्तर येते की, भूखंडाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक भागावर बांधता येणार नाही. पुढे, मागे व दोन्ही बाजूंना ठरावीक अंतर मोकळे सोडावे लागेल. गृहस्थ विचारतो, "जमीन माझी, पैसा माझा, घरपट्टीही मीच भरणार, मग ही साठ टक्के जागा कोणासाठी टाकून द्यायची?"

हा प्रश्न स्वार्थाचा म्हणून झटकून टाकण्याजोगा नाही. ज्या घरात दोन भाऊ, म्हातारे आईवडील आणि लग्नाला आलेली मुले आहेत, त्या घरात एकेका खोलीची किंमत काय असते हे ज्याचे त्यालाच ठाऊक. तेव्हा या प्रश्नाला केवळ "नियम आहे" एवढे उत्तर पुरणार नाही. नियम कोठून आला आणि तो कोणाचे रक्षण करतो, हे सांगितले पाहिजे.

त्यासाठी १८९६ सालच्या मुंबईकडे वळावे लागते. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात काही रोगी विचित्र तापाने दगावू लागले. हा ग्रंथिक संनिपात, म्हणजेच प्लेग आहे, असे निदान प्रथम डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी केले. ते मूळचे गोव्याचे. पुढे मुंबई महापालिकेचे अध्यक्षही झाले. प्लेग शिरला त्या वस्तीची रचना कशी होती? चाळीला चाळ भिडलेली, दोन इमारतींच्या मध्ये जेमतेम एका माणसाला जाता येईल एवढी घरगल्ली, आणि त्याच गल्लीतून मैला व सांडपाणी वाहणार. आतल्या खोल्यांत भर दुपारी दिवा लावावा लागे. प्रत्येक मालकाने आपापल्या जागेचा इंचन् इंच वापरला होता. प्रत्येकाचा हिशेब स्वतःपुरता अचूक होता. आणि सर्वांचा मिळून हिशेब मृत्यूच्या खात्यावर जमा झाला.

१८९८ साली मुंबईत शहर सुधारणेसाठी 'इंप्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. या ट्रस्टच्या काळातील एक नियम मोठा मनोरंजक आहे; साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणून तो प्रसिद्ध आहे. राहत्या खोलीच्या खिडकीपुढील भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात एक रेषा आकाशाकडे काढावी. समोरच्या इमारतीचा कोणताही भाग त्या रेषेच्या वर जाता कामा नये. भूमितीच्या वर्गातील मुलाला हे लगेच कळेल. या कोनात उंची ही अंतराच्या दुप्पट होते. म्हणजे समोरची भिंत वीस फूट उंच असेल, तर मध्ये निदान दहा फूट मोकळे अंतर हवे. ट्रस्टचे एक अध्यक्ष जेम्स ऑर यांनी १९१२ साली मुंबईतील घरांत मिळणारा उजेड आणि हवा याच विषयावर व्याख्यान दिले व हा नियम हिरिरीने मांडला.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. प्लेग हा कोंदट हवेने होतो अशी त्या वेळी अनेकांची समजूत होती. ती खरी नव्हती. उंदरांवरील पिसवांमार्फत तो पसरतो, हे पुढच्या काही वर्षांत सिद्ध झाले. तथापि कारण चुकले म्हणून उपाय वाया गेला असे झाले नाही. क्षयरोगाच्या जंतूला कोंदट, अंधारी खोली मानवते आणि ऊन व वाहती हवा त्याच्या वाटेत आडवी येते, हे सत्य कायमच राहिले.

मात्र नियमाची कुऱ्हाड आंधळेपणाने चालविली तर काय होते, हेही त्याच काळात दिसून आले. रस्ता रुंद करावयाचा म्हणून सरळ रेषेत घरे पाडीत जायचे, आणि पाडलेल्या घरांतील गरिबांनी शेजारच्या गल्लीत आणखी दाटी करायची! या पद्धतीवर सर्वांत परखड टीका करणारे पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे विद्वान इंदूरच्या मराठी माणसाला परके नसावेत. १९१४ साली ते हिंदुस्थानात आले. पुढे तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या दरबाराने त्यांना पाचारण केले, आणि त्यांचा इंदूरविषयीचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. १९१९ साली ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. गेडिस प्रथम जीवशास्त्राचे अभ्यासक होते, म्हणून शहराकडेही ते वैद्याच्या नजरेने पाहत. आधी गल्ल्या पायी हिंडून निदान करावे. मग अगदी मोडकळीस आलेली मोजकी घरे तेवढी काढावीत, तेथे छोटा चौक मोकळा करावा, झाड असेल ते राखावे, विहीर असेल ती साफ करावी, असा त्यांचा आग्रह होता.

इंदुरात प्लेगची धास्ती होती तेव्हा त्यांनी दिवाळीच्या सुमारास एक मिरवणूक काढविली. मिरवणुकीचा मार्ग ठरलेला नव्हता. ज्या भागातील लोक आपली घरे व गल्ल्या अधिक स्वच्छ करतील, तिकडून ती जाणार असे जाहीर झाले. झाले! घराघरांतून कचरा बाहेर पडला. मिरवणुकीत घाणीच्या राक्षसाची आणि प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती व शेवटी तिचे दहन झाले. नियमाला लोकांची मने मिळाली म्हणजे काय घडते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

रोगाची बाजू अशी. आता पाण्याची बाजू पाहू. येथे हिशेब फार सोपा आहे, आणि पाचवीतील मुलालाही तो करता येईल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. वर सांगितलेल्या तीनशे चौरस मीटरच्या भूखंडावर एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला, आणि कोकणपट्टीवर आषाढात असा दिवस काही नवलाचा नव्हे, तर तीस हजार लिटर पाणी त्या भूखंडावर उतरते. चाळीस टक्के जागेवर घर असेल तर छपरावरून बारा हजार लिटर ओघळते. उरलेले अठरा हजार लिटर उघड्या मातीवर पडते आणि त्यातील बराच भाग मुरतो, उरलेला सावकाश वाहतो. तोच भूखंड भिंतीपासून भिंतीपर्यंत बांधला, किंवा राहिलेल्या अंगणात फरशी घातली, की जवळजवळ सर्व तीस हजार लिटर तत्काळ रस्त्यावर येते. एका आळीत असे वीस भूखंड असले तर सहा लाख लिटर! ते पाणी काही अंतर्धान पावत नाही. ते उताराकडे धावते. आणि उताराच्या टोकाला, जेथे जमीन स्वस्त असते, तेथे बहुधा गरिबाचे घर असते.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शहराची जुनी पर्जन्य गटारे तासाला पंचवीस मिलिमीटर पाऊस, तोही समुद्राला ओहोटी असताना, वाहून नेण्याच्या बेताने बांधलेली होती. एवढा पाऊस कोणत्याही गटाराला पेलला नसता हे खरे. परंतु पाणी मुरण्याच्या जागा झाकलेल्या आणि मिठी नदीचे पात्र दोन्ही काठांनी आवळलेले नसते, तर आपत्तीचे स्वरूप इतके भयानक झाले नसते हेही तितकेच खरे.

या संदर्भात तीन निर्बंध एकमेकांपासून वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला भूखंडव्याप्तीचा: जमिनीचा किती भाग घराखाली जावा. दुसरा सामासिक अंतराचा: घर कुंपणापासून किती आत असावे. तिसरा चटई क्षेत्राचा: सर्व मजल्यांचे क्षेत्र मिळून किती असावे. गोव्यातील वस्तीच्या विभागांत चाळीस टक्के व्याप्तीची मर्यादा परिचयाची आहे. तिच्या जोडीला ऐंशी टक्के चटई क्षेत्र दिले, तर तीनशे मीटरच्या भूखंडावर एकशेवीस मीटरचे दोन मजले होतात. म्हणजे कुटुंबाला दोनशे चाळीस मीटरचे घर मिळते आणि जमिनीला एकशे ऐंशी मीटर आकाश मिळते. व्याप्तीचा नियम घर लहान करा असे म्हणत नाही. ते पसरू नका, एवढेच म्हणतो.

हे शहाणपण विलायतेहून आलेले नाही. वाड्याचा चौक, गोव्याच्या जुन्या घरातील राजांगण, दारापुढे तुळशीवृंदावन किंवा क्रूस असलेले शेणाने सारविलेले खळे, परसातली विहीर आणि तिच्या कडेचा माड, यांत मोकळ्या जागेचा मान राखलेलाच होता. आणि तो न राखल्याची शिक्षाही गोव्याने पाहिली आहे. ज्या जुन्या गोव्यात आज मोठमोठी चर्चे उभी आहेत, तेथे एके काळी गजबजलेली राजधानी होती. सच्छिद्र जमिनीतून घाण विहिरींच्या पाण्यात उतरे, निचऱ्याची सोय नव्हती, आणि साथींमागून साथी आल्या. लोकांनी शहर सोडले; १७५९ साली व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीला हलविला आणि १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली. वैभव, सैन्य, देवालये, सर्व काही असून एक शहर सांडपाण्याने हरले.

मग लोक नियम मोडतात का? त्याचे एक कारण लोभ. पण तेवढे एकच नव्हे. वाटणीत भूखंडाचे तुकडे झाले की लहान तुकड्यावर चारी बाजूंची अंतरे सोडून उरते काय? अशा माणसाला नियमच घराबाहेर काढतो. भिंत सामाईक ठेवून जोडघरे बांधण्याची मुभा, लहान भूखंडांना वेगळे प्रमाण, अशा वाटा ठेवल्याच पाहिजेत. दुसरे कारण अधिक बोचणारे आहे. नियम पाळणारा एक खोली कमी बांधतो. न पाळणारा बांधून मोकळा होतो, आणि काही वर्षांनी दंड घेऊन ते बांधकाम नियमित होते. महाराष्ट्रात २००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला, गोव्यात २०१६ साली अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचा कायदा झाला. गरजूंच्या डोक्यावरचे छप्पर वाचविण्यासाठी असे कायदे करावे लागतात, हे मान्य. परंतु दंडाची पावती फाडल्याने जमीन पाणी मुरवू लागत नाही, आणि नियम पाळणाऱ्या शेजाऱ्याच्या अंगणात शिरलेले पाणीही परत जात नाही.

म्हणून शेवटी गोष्ट सद्बुद्धीवर येऊन ठेपते. छपराचे पाणी मैल्याच्या गटारात सोडू नये. ते शोषखड्ड्यात किंवा विहिरीत उतरवावे. अंगणात सलग सिमेंट ओतण्याऐवजी सांधे मोकळे ठेवून चिरे बसवावेत. ओहोळावर भराव घालून बाग करू नये. पाण्याची स्मरणशक्ती माणसापेक्षा चांगली असते, आणि ते आपली जुनी वाट विसरत नाही.

प्रभू येशूच्या दृष्टांतात दोन घरे आहेत, एक खडकावर बांधलेले आणि एक वाळूवर. पाऊस दोहोंवर सारखाच येतो, वाळूवरचे कोसळते. त्या दृष्टांतात प्रत्येकजण आपापल्या घराच्या पायाची काळजी करतो. आजच्या दाट वस्तीत मात्र एकाचा खडक हा दुसऱ्याची वाळू ठरू शकतो. स्वतःचे जोते चार फूट उंच करून सारे पाणी खालच्या घराकडे लोटणारा मनुष्य आपल्यापुरता सुरक्षित असेल, पण त्याला शहाणा म्हणता येणार नाही.

"ही साठ टक्के जागा कोणासाठी?" असे त्या गृहस्थाने विचारले होते. त्यातील काही भाग त्याच्या घरातील आजाऱ्याला मिळणाऱ्या उन्हासाठी आहे, काही चैत्र-वैशाखात विहिरीला असणाऱ्या पाण्यासाठी, आणि काही उताराच्या टोकाला राहणाऱ्या, बहुधा त्याला नावानेही ठाऊक नसलेल्या कुटुंबासाठी. आषाढातल्या एखाद्या रात्री ते कुटुंब कोरड्या जमिनीवर निजेल, तेव्हा ती जागा टाकून दिलेली नव्हती हे सिद्ध होईल.