घर पाहावे बांधून, कॉम्प्युटर पाहावा जोडून

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील गणेशोत्सवात, सप्टेंबर २०२५ मध्ये, सभासदांसमोर केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आवरून-सावरून घेतले आहे.)



मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. त्यामुळे मी मुदत ठेवी, वारसनोंद, मृत्युपत्र यांवर बोलेन अशी सांस्कृतिक समितीची अपेक्षा होती. मी विषय कळवला, ‘पहिला गेमिंग कॉम्प्युटर घरी जोडायचा तर सुटे भाग कसे निवडावेत’. समितीला आधी वाटलं, काका थट्टा करतायत. पण मंडळी, हा आर्थिक नियोजनाचाच विषय आहे. आपल्या सोसायटीत मला माहीत असलेल्या चार घरांत यंदा यावरून वाद झाले. त्यातलं एक घर माझंच. रक्कम सत्तर-ऐंशी हजारांची. ज्या घरात फ्लॅटचा हप्ता अजून चालू आहे, तिथं ही रक्कम लहान नसते.

आधी एक गैरसमज दूर करतो. ‘गेमिंग’ म्हटलं की आम्हा म्हाताऱ्यांना पैसे लावून खेळायचा जुगार दिसतो. त्यावर संसदेने गेल्याच महिन्यात, ऑगस्ट २०२५ मध्ये, कायदा करून बंदी आणली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स, म्हणजे कौशल्याच्या स्पर्धात्मक खेळांना, वेगळं मानलं आहे. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत अशा खेळांना पदकं होती. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा गेम काढला. आपल्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची ती गोष्ट आहे, आणि ती आपल्याच मातीतल्या पुराणकथांवर बेतलेली. तेव्हा मुलगा किंवा मुलगी काय खेळते, हे शेजारी बसून एकदा बघा. मग होकार द्या, नाहीतर नकार द्या.

आता मुख्य मुद्दा. तयार कॉम्प्युटर मिळत असताना सुटे भाग आणून जोडायचे कशाला? कारण तयार खोक्यात काय घातलंय ते बऱ्याचदा कळत नाही. प्रोसेसरचं नाव ठळक अक्षरात असतं, आणि आतला पॉवर सप्लाय कोणत्या कंपनीचा आहे ते कुठंच नसतं. जोडलेल्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक भागाचं वेगळं बिल, वेगळी वॉरंटी. एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. अमेरिकेकडून महासंगणक मिळेना, तेव्हा पुण्याच्या सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात मिळणाऱ्या चिप्स शेकड्याच्या हिशेबात एकमेकींना जोडून १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला. भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. आपण काही महासंगणक करत नाही आहोत, पण उपलब्ध भाग नीट निवडायचे आणि नीट जुळवायचे, हे सूत्र तेच.

बँकेत कर्जप्रस्ताव आला की आमचा पहिला प्रश्न असायचा, पैसा कशासाठी? इथंही तोच विचारा. कोणते गेम खेळणार? कोणत्या पडद्यावर? साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे ठिपके असतात. फोर-के पडद्यावर त्याच्या बरोबर चौपट. हे सगळे ठिपके सेकंदाला साठ, शंभर, दीडशे वेळा नव्याने रंगवायचे, हे ग्राफिक्स कार्डाचं काम. म्हणजे पडदा मोठ्या रिझोल्यूशनचा घेतला की कार्ड मोठं लागतं, कार्ड मोठं झालं की पॉवर सप्लाय मोठा, आणि बजेट हाताबाहेर. म्हणून मी म्हणतो, आधी मॉनिटर ठरवा आणि तिथून मागे या. पहिल्या कॉम्प्युटरसाठी २४ इंची, फुल एचडी, १४४ हर्ट्झच्या आसपासचा मॉनिटर पुरेसा आहे.

भागांची ओळख आपल्या भाषेत करून देतो. मदरबोर्ड म्हणजे प्लॉट आणि पाया. त्यावर काय बांधता येईल ते तिथंच ठरतं. प्रोसेसर बसवायची जागा, तिला सॉकेट म्हणतात, प्रत्येक जातीची वेगळी. एएमडीचा प्रोसेसर इंटेलच्या बोर्डावर बसत नाही. डीडीआर४ रॅम डीडीआर५ च्या खाचेत जात नाही. रॅम म्हणजे काम करायचं टेबल, एसएसडी म्हणजे कपाट. रॅम १६ जीबी घ्यायची असेल तर आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्या. जालना रोडच्या दोन लेन असताना एकीवरूनच वाहतूक सोडली तर काय होतं ते आपण रोज बघतो. एकाच पट्टीचं तसंच होतं.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचा जोडा शोभला पाहिजे. भारी कार्डाला किरकोळ प्रोसेसर दिला तर कार्ड रिकामं बसून राहतं. उलट केलं तर महागडा प्रोसेसर वाट बघतो आणि गेम अडखळतो. गेमसाठी पैसा कमी पडत असेल तर प्रोसेसर मधल्या दर्जाचा, सहा कोअरचा घ्यावा आणि वाचलेली रक्कम कार्डात घालावी. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं, हेही ध्यानात ठेवा. कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही.

माझा नातू अकरावीत आहे. त्याच्या वडिलांनी साफ नाही म्हटलं होतं. सूनबाईंना पुढच्या वर्षीच्या बारावीची काळजी. बापलेकाचं आठ-पंधरा दिवस जेवणापुरतंच बोलणं चाललं होतं. मी नातवाला म्हणालो, “बाळा, हट्ट करू नकोस, प्रस्ताव दे. कागदावर. तीन कोटेशन्स जोड.” त्याला तीन आठवडे लागले. एक कोटेशन आपल्या शहरातलं, एक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचं, एक ऑनलाइन. त्याने शेवटी ठरवलेली यादी वाचून दाखवतो. भाव त्या आठवड्याचे, करासहित आणि गोल केलेले आहेत. तुम्ही घ्याल तेव्हा बदललेले असतील.

प्रोसेसर, रायझन ५ ५६०० : १०,०००
मदरबोर्ड, बी५५० : ९,०००
रॅम, ८ जीबीच्या दोन पट्ट्या : ४,०००
एसएसडी, १ टीबी : ५,५००
ग्राफिक्स कार्ड, रेडिऑन आरएक्स ६६००, ८ जीबी : २०,०००
एसएमपीएस, ५५० वॅट : ४,५००
कॅबिनेट : ४,०००
मॉनिटर : ९,५००
यूपीएस, ११०० व्हीए : ५,५००
कीबोर्ड-माऊस : २,०००
एकूण : ७४,००० रुपये

यावर मी त्याची मुलाखत घेतली. विचारलं, “हा प्रोसेसर २०२२ चा. नवीन का नाही?” तो म्हणाला, “आजोबा, नवीन एएम५ सॉकेट घेतलं तर बोर्ड आणि डीडीआर५ रॅमही महाग पडते. तेवढे पैसे आज कार्डातून काढावे लागतील. मला पुढची चार वर्षं फुल एचडीवरच खेळायचंय.” उत्तर पटलं. पण दर दोन वर्षांनी प्रोसेसर बदलत जायचा विचार असेल, तर नवीन सॉकेटचे जास्तीचे पैसे देणंच शहाणपणाचं. जुन्या सॉकेटवर पुढं फारसं नवीन येणार नाही. दोन्ही बाजू बरोबर आहेत, पण आपली कोणती ते आधी ठरलं पाहिजे.

कोटेशन कसं वाचायचं, हे मात्र मी त्याला शिकवलं. एका दुकानाच्या कोटेशनमध्ये लिहिलं होतं, ‘कॅबिनेट, सोबत एसएमपीएस फ्री’. कंपनी नाही, मॉडेल नाही. पुढून काच, आत सात रंगांचे दिवे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! मंडळी, एसएमपीएस म्हणजे घराचं वायरिंग. आपली इमारत बांधताना वायर आणि मेन स्विच चांगल्या प्रतीचे घ्यावेत म्हणून कमिटीच्या किती सभा झाल्या, जुन्या सभासदांना आठवत असेल. फरशी नंतर बदलता येते, भिंतीतलं वायरिंग नाही. हलका एसएमपीएस जळताना एकटा जात नाही, कधीकधी बोर्ड आणि कार्डही घेऊन जातो. म्हणून तिथं कंपनीचं नाव, मॉडेल, ‘८० प्लस’ची खूण आणि वॉरंटी लेखी मागा. हा संपूर्ण कॉम्प्युटर गेम चालू असताना साधारण अडीचशे ते तीनशे वॅट घेतो, एसएमपीएस ५५० चा आहे. आम्ही कर्जाला मार्जिन ठेवायचो, तसं हे मार्जिन.

कोटेशनमध्ये ‘रॅम १६ जीबी’ एवढंच नको, पट्ट्या किती आणि वेग किती ते हवं. ‘ग्राफिक्स कार्ड ८ जीबी’ एवढंच नको, चिपचं पूर्ण नाव हवं. आठ जीबीची जुनी, संथ कार्डंही असतात. जीएसटी १८ टक्के धरलाय का, ते विचारा. बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर घ्या. “बिल नको, थोडं कमी करतो” म्हणणाऱ्याला हात जोडा, कारण बिलाशिवाय वॉरंटी मागताना आपली बाजू लंगडी पडते. वापरलेलं कार्ड स्वस्त मिळतं, पण त्यातली काही वर्षानुवर्षं दिवसरात्र क्रिप्टो मायनिंगला जुंपलेली असतात. पहिल्या खेपेला त्या वाटेला जाऊ नये.

आता आपल्या गावाचं. पुण्या-मुंबईच्या माणसाने केलेली यादी जशीच्या तशी इथं चालत नाही. मराठवाड्याचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढं जातो आणि धूळ वर्षभर असते. म्हणून कॅबिनेट पुढून जाळीचं, दोन-तीन पंख्यांचं, आणि काढून धुता येईल अशा फिल्टरचं घ्यावं. काचबंद कॅबिनेट दिसायला छान, पण मे महिन्यात आत भट्टी होते. महिन्यातून एकदा फिल्टर झटकायचा. कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवायचं नाही.

दुसरं, वीज. वळवाच्या पावसात लाईट जाते, येते, पुन्हा जाते. यूपीएस हा खर्च अनेक जण शेवटी कापतात, आणि तोच कापू नये. व्हीए आणि वॅट एक नव्हेत. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, ११०० व्हीएचा सुमारे ६६०. तीनशे वॅटच्या मशीनला पहिला अगदी काठावर पुरतो. यूपीएस गेम चालू ठेवायला नसतो, काम साठवून मशीन नीट बंद करायला असतो. आणि आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली, तेव्हा प्लगपॉइंटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. विजेच्या बिलाची भीती असेल तर हिशोब सोपा आहे. अडीचशे वॅट गुणिले रोज दोन तास म्हणजे अर्धा युनिट. महिन्याला पंधरा.

जोडणीचं थोडक्यात. लाकडी टेबल, चांगला उजेड, एक चुंबकी स्क्रू ड्रायव्हर. हात लावण्याआधी धातूला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज उतरवायची. प्रोसेसर बाणाची खूण जुळवून ठेवायचा, दाबायचा नाही. कूलरखालचं प्लॅस्टिक काढायचं. मॉनिटरची वायर मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डाला लावायची. एवढ्यावर बऱ्याच जणांचा पहिला दिवस सुरळीत जातो. विंडोज मात्र चोरीचं टाकू नका. विंडोज १० ची मुदत येत्या १४ ऑक्टोबरला संपतेय, तेव्हा ११ घ्या. परवडत नसेल तर लिनक्स फुकट आहे, आणि बरेच गेम त्यावर चालतात.

आता पैशाचं कसं जमलं ते सांगतो. ओवाळणी, दिवाळी आणि दहावीच्या बक्षिसाचे मिळून नातवाचे स्वतःचे २१ हजार. चिरंजीवांनी ३५ दिले. राहिलेले १८ हजार मी दिले, पण कर्ज म्हणून. बिनव्याजी, महिना ७५० प्रमाणे चोवीस हप्ते. खिशातल्या पैशातून दोन हप्ते आले आहेत, वेळेवर. अटी दोन. रात्री दहानंतर मशीन बंद, आणि परीक्षेच्या आधी एक महिना ग्राफिक्स कार्ड काढून आजीच्या कपाटात. ही दुसरी अट त्याने स्वतः लिहून दिली.

जोडणीच्या रविवारी चिरंजीव म्हणाले होते, “मला यात ओढू नका.” तासाभराने मदरबोर्डचे स्क्रू तेच पिळत होते आणि नातू सांगत होता, “बाबा, एवढं घट्ट नको.” सूनबाईंनी कांदेपोहे तिथंच आणून दिले. आमच्या घराला त्या ७४ हजारांत काय मिळालं, याचा हिशोब मी कोटेशनवर मांडू शकत नाही.

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपण सगळ्यांनी २००० साली अनुभवली. तेव्हा प्रत्येक वस्तू विचारून, भाव काढून, भांडून घेतली, म्हणून इमारत आज ठणठणीत उभी आहे. लेकरांना तेच शिकायची ही एक संधी आहे, आणि त्यांच्या आवडीच्या वस्तूवर आहे, म्हणून ती मन लावून शिकतात. पालकांना विनंती, थेट पैसे देऊ नका आणि थेट नकारही देऊ नका. यादी मागा. प्रत्येक ओळीला ‘हेच का?’ विचारा. उत्तर आलं तर समजा, अर्धं काम झालं.

आणि लेकरांनो, कोटेशन घेऊन संध्याकाळी सहानंतर बागेतल्या बाकावर या. मी आणि माझा नातू दोघंही असतो. त्याने तर चौकशीचे दर पण ठरवलेत, एक यादी तपासायला एक कुल्फी.

गणपती बाप्पा मोरया!