दिव्याची टोपी
(कापणीच्या सणाच्या उपासनेनंतर मंडळीच्या सभेत केलेले भाषण)



सातपुड्यातील आपल्या वसतिगृहाची हकिकत सांगायला मला उभे केले आहे. मुले किती, धान्य किती लागले, कोण पास झाले, हे अहवालात छापले आहेच. मी आज एकाच गोष्टीवर बोलणार आहे. ती म्हणजे गेल्या वर्षी तुमच्या दानातून घेतलेले दिवे, आणि ते घेताना माझी झालेली चूक.

डोंगरात वीज आहे, पण पावसाळ्यात ती कधी जाईल याचा भरवसा नाही. म्हणून बॅटरीवर चालणारे दिवे घ्यायचे ठरले. खरेदी माझ्याकडे होती. दुकानात मी एकच प्रश्न विचारला, "सगळ्यांत जास्त उजेड कोणत्याचा?" उभ्या दांड्यावर उघडा एलईडी असलेले दिवे मिळाले. लावून पाहिले तर डोळे दिपले. मला वाटले, वा, काम झाले.

दोन महिन्यांनी संध्याकाळच्या अभ्यासाच्या वेळी मी तिथे गेलो. निम्मे दिवे भिंतीकडे तोंड करून ठेवलेले, काहींवर ओढणीचे टोक टाकलेले. नववीतल्या एका मुलीने बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, सुतळीने बांधून दिव्याला टोपी केली होती. मी विचारले, "हे कशाला ग?" ती म्हणाली, "दादा, दिवा डोळ्यांत टोचतो. पुस्तकापेक्षा दिवाच जास्त दिसतो."

तिचे म्हणणे अगदी खरे होते. नजरेसमोर उघडा प्रखर दिवा असला की डोळ्याची बाहुली आकसते. शिवाय तो प्रकाश डोळ्याच्या आत विखुरतो आणि पाहण्याच्या वस्तूवर जणू धुक्याचा पडदा येतो. अक्षर आणि कागद यांतला फरक पुसट होतो. मूल डोळे बारीक करते, कपाळ आवळते, आणि थोड्या वेळाने वही मिटते. वय वाढते तशी डोळ्यातली भिंगे गढूळ होतात आणि त्रास वाढतो. आपल्या शिवणवर्गातल्या वयस्क बायका सुईत दोरा ओवताना दिवा बाजूला का सारत होत्या, ते मला तेव्हा कळले.

ही अडचण नवी नाही. आपल्या आजोबांच्या काळी कंदिलाच्या एका बाजूला पुठ्ठा अडकवून वाचत असत, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. डेन्मार्कमध्ये पोल हेनिंगसन नावाचा रचनाकार रॉकेलच्या दिव्यांच्या मऊ उजेडात वाढला. विजेचे उघडे बल्ब आले तेव्हा त्यांची तिरीप त्याला सोसेना. 1926 च्या सुमारास त्याने एकाखाली एक अशा तीन शेडचा दिवा बनवला. त्यात बल्ब थेट डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचा प्रकाश शेडवर आपटून खाली पसरतो.

दुसरा माणूस इंग्लंडचा जॉर्ज कारवर्डाइन. तो मोटारींच्या स्प्रिंगांचे काम करणारा इंजिनिअर. 1932 मध्ये त्याने हाताच्या कोपरासारखा वाकणारा आणि स्प्रिंगांनी तोलून धरलेला दिवा तयार केला. तो ओढावा तिथे येतो आणि सोडावा तिथे थांबतो. 'अँगलपॉइज' या नावाने तो दिवा आजही विकला जातो.

टोपी आणि सांधा, या दोन गोष्टी एका दिव्यात आल्या की आपले काम होते. कसे, ते सांगतो.

पहिली गोष्ट अंतराची. छोट्या दिव्याचे अंतर निम्मे केले तर कागदावरचा उजेड चौपट होतो. साधारण 100 ल्युमेनचा लहान एलईडी वहीपासून 60 सेंटिमीटरवर असेल, तर वहीवर 100 लक्ससुद्धा पडत नाहीत. तोच 30 सेंटिमीटरवर खाली आणला, तर 300 लक्सच्या वर जातो, आणि तेवढ्यात वाचन नीट होते. म्हणजे जवळ आणता येणारा लहान दिवा दूरच्या मोठ्या दिव्याइतके काम करतो. त्याला बॅटरीही लहान पुरते, आणि तीच बॅटरी जास्त तास चालते.

पण उघडा दिवा इतका जवळ आणता येत नाही, तो डोळ्यांत जातो. म्हणून टोपी. ती बाहेरून अपारदर्शक आणि आतून पांढरी हवी, म्हणजे बाजूला जाणारा प्रकाश फुकट न जाता वहीवर येतो. एलईडी टोपीच्या काठाशी नको, आत खोल बसवलेला हवा.

आता सांधा कशाला? कारण आपली मुले टेबलखुर्चीवर बसत नाहीत. कोणी मांडी घालून बसते, कोणी पालथे पडून लिहिते. मांडी घातलेल्या मुलाला जो दिवा टोपीआड असतो, तोच पालथ्या पडलेल्याच्या डोळ्यांत जातो. त्याला तो खाली वाकवता आला पाहिजे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा, नाहीतर हाताची सावली अक्षरावर पडते. डावखुऱ्याला तो उजवीकडून हवा. पाठ्यपुस्तकाचा कागद गुळगुळीत असला तर समोरचा दिवा त्यात चमकतो, तो जरा बाजूला सरकवला की चमक जाते. आणि सुट्टीत दिवा घरी गेला, तर तिथे एकाच दिव्यावर सारे घर. आई चुलीपाशी असताना तो तिकडे वळवता आला पाहिजे. कुडाच्या काळ्या भिंती उजेड गिळतात, म्हणून भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या दिव्याचा तिथे काही उपयोग नाही.

दिवा मोडला तर काय, हा प्रश्न समितीत निघाला होता. आयआयटी मुंबईने 2014 पासून मध्य प्रदेश, राजस्थान, महाराष्ट्र आणि ओडिशातल्या खेड्यांत विद्यार्थ्यांना सौर अभ्यासदिवे 120 रुपयांत दिले. त्या दिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती गावातल्याच लोकांना शिकवली होती. आपणही तेच करावे. सांधा साध्या नट-बोल्टचा आणि वॉशरचा असावा, म्हणजे सैल झाला की मुले स्वतः आवळतील. बूड जड आणि रुंद हवे, नाहीतर मान लांब केली की दिवा तोंडावर पडतो. वसतिगृहातल्या दोन मोठ्या मुलांना आणि दोन मुलींना दुरुस्ती शिकवायची आमची तयारी आहे.

असा दिवा उघड्या दिव्यापेक्षा महाग पडतो. लहान बॅटरीमुळे काही पैसे वाचतील, तरी तेवढ्याच दानात दिवे थोडे कमी येतील. मी तुमच्याकडे मागतो आहे ते हेच, की यंदा दिव्यांचा आकडा कमी छापला गेला तर वाईट वाटून घेऊ नका. गेल्या वर्षीचा आकडा मोठा होता, आणि निम्मे दिवे भिंतीकडे पाहत होते. ते जुने दिवेही आपण टाकणार नाही. ज्यांचा पत्र्याचा किंवा वेल्डिंगचा कारखाना आहे त्यांनी मला भेटावे. त्या दिव्यांना टोप्या आणि वाकणारे दांडे बसवता येतील.

आज घरी गेल्यावर एक करून पाहा. जमिनीवर बसा, पुढ्यात पवित्र शास्त्र उघडा आणि घरातला दिवा लावा. वाचताना बल्ब दिसतो का? हाताची सावली पानावर पडते का? दिसत असेल, पडत असेल, तर त्या मुलीचे म्हणणे तुम्हाला माझ्या भाषणाशिवाय कळेल.

डोंगरावरील प्रवचनात प्रभूने दिवठणीचे उदाहरण दिले. मी लहानपणापासून ते दिव्याविषयीचे समजत होतो. आता वाटते, त्यात घरातल्या माणसांचाही विचार आहे. दिवा कुठे ठेवला म्हणजे त्यांना उजेड होईल, हे आधी पाहायचे. मी दुकानात दिवा पाहिला, मुलांना विचारले नाही. यंदा नमुन्याचे दोन दिवे आधी वसतिगृहात जातील. मुले आठवडाभर वापरतील, आणि ती पुठ्ठ्याची टोपी करणारी मुलगी पसंत म्हणेल तोच दिवा घेतला जाईल.

तिची दहावीची परीक्षा मार्चमध्ये आहे. तिच्यासाठी आणि तिच्याबरोबरच्या मुलांसाठी प्रार्थना करा. प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.