पुढचा भाग केव्हा?



कादंबरी वाचणाऱ्यांविषयी पुष्कळ बोलले जाते. न निघालेल्या कादंबरीची वाट पाहणाऱ्यांविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. आज आम्ही त्यांची बाजू मांडणार आहो, आणि थोडी त्यांची कानउघाडणीही करणार आहो.

भालचंद्र नेमाड्यांची 'झूल' १९७९ साली निघाली. त्यानंतरची कादंबरी 'हिंदू' वाचकांच्या हाती पडली ती २०१० साली. मधली ३१ वर्षे नेमाडे काही गप्प नव्हते. 'टीकास्वयंवर' आले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, कविताही आल्या. पण कादंबरीची भूक टीकालेखांनी भागत नाही! 'हिंदू' येणार, येणार, ही वार्ता वाचकांत इतकी मुरली की पुस्तकाआधीच नुसत्या नावावरून तर्क लढवता येऊ लागले. प्रत्यक्षात भेटला तो शेतकरी घराण्यातला, पुराणवस्तूंचे उत्खनन करणारा खंडेराव. आम्हांला वाटते, या पुस्तकाला खरा त्रास टीकाकारांचा झाला नाही; ज्याने त्याने ३१ वर्षांत मनातल्या मनात जी 'हिंदू' लिहून ठेवली होती, तिच्याशी त्याला झुंजावे लागले. आणि हा तर योजलेल्या चार भागांतला पहिलाच, म्हणजे वाट पाहणे पुन्हा सुरू!

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत जॉर्ज मार्टिन यांची राजेरजवाड्यांची आणि ड्रॅगनांची एक अद्भुत कथामाला आहे. पहिले तीन भाग १९९६, १९९८, २०००, चौथा २००५, पाचवा २०११. सहाव्याची वाट अजून चालूच आहे. तिच्यावरची दूरचित्रवाणी मालिका २०१९ साली संपलीही. चाहते मागील भागांमधली अंतरे मांडून पुढची तारीख काढतात, आणि लेखकाचे वयही मोजतात. हे वय मोजणे आम्हांला बरे वाटत नाही. पहिला भाग विकत घेतला म्हणजे पुढच्यावर हक्क जडला, हा सावकारी हिशेब झाला.

पण दुसरी बाजूही पाहा. पाचव्या भागात जॉन स्नोला त्याचेच साथीदार भोसकतात, आणि तो जगला की मेला हे न सांगताच पुस्तक संपते. मग वाचकाने विचारूच नये काय? हरिभाऊ आपट्यांची 'गणपतराव' अपुरीच राहिली. हरिभाऊ १९१९ साली गेले. त्या वाचकांनी कोणाकडे दाद मागावी?

आता आपल्या बीड जिल्ह्यातलेच उलटे उदाहरण. आंबेजोगाईच्या दासोपंतांचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा सांगतात. त्यांची 'पासोडी' तर कापडावर लिहिलेली, सुमारे ४० फूट लांब. या लेखकाला तारीख विचारण्याची गरज नाही. तो आपले काम चारशे वर्षांपूर्वीच करून गेला. या मंडपात ज्यांनी 'गीतार्णवा'तला एखादा अध्याय तरी वाचला असेल, त्यांनी व्याख्यानानंतर आम्हांला अवश्य भेटावे.