फटफटीचा विमा

मंडळी, विलायतेत फटफटीचा विमा उतरवताना कंपनी विचारते, वय किती, किती वर्षे चालवता, परवाना कोणता? पोर नवशिके असले की हप्ता जास्त. आपल्याकडे तसे नाही. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. त्याचा दर सरकार ठरवते, तेही इंजिन बघून. १ जून २०२२ पासून ७५ ते १५० सीसीच्या गाडीला वर्षाला ७१४ रुपये ठरले, कर निराळा. चालवणारा अठराचा असो की साठीचा, आकडा तोच.

मग वयाला किंमत नाही? आहे की! ती अपघातानंतर कळते. गियरच्या गाडीचा परवाना १८ वर्षे पुरी झाल्यावरच मिळतो. बिनपरवान्याच्या पोराने गंगावेशीत कुणाला उडवले, तर कोर्ट पुष्कळदा कंपनीला भरपाई द्यायला लावते आणि ती गाडीच्या मालकाकडून वसूल करायची मुभा देते. बापाचे वर्षाचे उसाचे बिल गेलेच म्हणा. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद. पोराला पंचविशीपर्यंत परवाना नाही. ‘शेतापर्यंतच नेत होता, साहेब’ हे तिथे चालत नाही.

सांभाळून चालवणाऱ्याला फायदाही आहे. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक असतो. वर्षभर भरपाई मागितली नाही, तर पुढल्या वर्षी त्या भागावर २० टक्के सूट. ती वाढत पाच वर्षांत ५० टक्के होते. ही सूट माणसाची, गाडीची नव्हे. गाडी विकलीत, तर कंपनीकडून तसा दाखला मागून घ्या. नव्या गाडीला तो उपयोगी पडतो.