मिसेस पिंकहॅम यांस, पत्रास कारण की...

(आरोग्यावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या मांडणीचं हे शब्दांकन.)



आज मला एका बाटलीविषयी बोलायचं आहे. ती आपल्याकडची नाही. अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स राज्यात लिन नावाचं गाव आहे, तिथे १८७५ सालापासून ती विकायला निघाली. नाव होतं 'लिडिया ई. पिंकहॅम्स व्हेजिटेबल कंपाउंड', आणि किंमत एक डॉलर. पाळीत पोट दुखतं, अंगावरून पांढरं जातं, अंग बाहेर येतं, दिवस राहत नाहीत, पाळी जायच्या वयात जिवाची काहिली होते, काहीही असो, ही बाटली घ्या, असं जाहिराती सांगत. पुढची पन्नास वर्षं तिचा खप वाढत गेला.

हे औषध दावा करत होतं तसं काहीच बरं करत नव्हतं, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण एवढं म्हणून थांबलं तर आपल्या कामाचं काही हाती लागत नाही. बायका अडाणी होत्या, फसल्या, असं म्हणणं फार सोपं आहे. प्रश्न असा विचारायला हवा की एवढ्या बायकांनी आपलं दुखणं एका बाटलीवरच्या चित्राला पत्र लिहून का सांगितलं?

घरचा काढा आणि दुकानातली बाटली

लिडिया पिंकहॅम ही खरीखुरी बाई होती. जन्म १८१९ चा. घर गुलामगिरीला विरोध करणारं. गुलामीतून सुटून आलेले पुढारी फ्रेडरिक डग्लस यांच्याशी त्या घराचा स्नेह होता. लिडिया शाळेत शिकवायची आणि बायकांच्या गुलामगिरीविरोधी मंडळाचं काम करायची. आपल्याकडे असते तशीच ती औषधपाणी जाणणारी बाई होती. चुलीवर काढा करायचा आणि शेजारणींना फुकट द्यायचा, असं चाललं होतं. त्या काढ्यात चार तिकडच्या वनस्पती होत्या आणि पाचवी आपल्या चांगल्या ओळखीची, मेथीचे दाणे. १८७३ च्या मंदीत नवऱ्याचा धंदा बुडाला. घरात पैसा येईना, तेव्हा मुलांनी काढा विकायचं ठरवलं.

इथे एक गोष्ट लक्षात घेऊ या. शेजारीण काढा देते तेव्हा त्यात काय घातलं ते सांगते, उद्या आपल्याला करता यावा म्हणून. लागू पडला नाही तर तिला तोंडावर सांगता येतं. तोच काढा बाटलीत गेला की कृती गुपित होते. या औषधांना 'पेटंट औषधं' म्हणत, पण बहुतेकांचं पेटंट घेतलेलंच नसे. पेटंट घ्यायचं तर कृती जाहीर करावी लागते आणि तीच तर झाकायची होती! राखून ठेवलेलं असायचं ते बाटलीचं नाव आणि चित्र. पिंकहॅमच्या बाटलीवर लिडियाचाच चेहरा छापलेला होता, पांढऱ्या केसांची, शांत नजरेची आजी. बाटलीत अठरा-वीस टक्के दारू होती. लिडिया स्वतः दारूबंदीच्या बाजूची. मुळ्या-पाला टिकावा म्हणून दारू घालतो, असं कंपनी सांगत राहिली.

डॉक्टरकडे का गेल्या नाहीत?

आता त्या काळच्या डॉक्टरकडे काय मिळत होतं ते पाहू. १८७२ साली रॉबर्ट बॅटी नावाच्या अमेरिकन सर्जनने पाळीच्या त्रासावर, फिट्सवर, 'वेडावर' बायकांची धडधाकट बीजकोशं काढून टाकायला सुरुवात केली. ही शस्त्रक्रिया पुढे पुष्कळ वर्षं होत राहिली. त्यात बायका मेल्या. ज्या जगल्या त्यांची पाळी विशी-तिशीतच कायमची गेली. डॉक्टर बहुतेक पुरुष. त्यांच्यापुढे अंगावरचं बोलायची लाज, गाव लांब, फी परवडत नाही. दुसऱ्या बाजूला १८७३ चा कॉमस्टॉक कायदा. गर्भनिरोधाची माहिती टपालाने पाठवणं हा त्या कायद्याने गुन्हा झाला. म्हणजे आपल्याच शरीराची माहिती अश्लील ठरली.

अशा वेळी टपाल दारात येऊ लागलं. १८९६ पासून खेड्यातल्या घरांपर्यंत पत्रं पोचवायला सुरुवात झाली आणि १९१३ पासून सरकारी टपालाने पार्सलं जाऊ लागली. सिअर्स रोबक या बड्या टपाल-दुकानाच्या जाडजूड कॅटलॉगमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कपडे, नांगर आणि शिवणयंत्रांच्या जोडीने औषधं असत. त्यात चेहऱ्याचा रंग उजळावा म्हणून खायच्या सोमलाच्या चकत्यासुद्धा होत्या. सोमल म्हणजे आर्सेनिक, विष.

पिंकहॅम कंपनीने मात्र टपालातून आणखी एक गोष्ट दिली. जाहिरात म्हणायची, मिसेस पिंकहॅमना पत्र लिहा. पत्र बाईच उघडेल, बाईच वाचेल, कोणा पुरुषाच्या नजरेस पडणार नाही. बायकांनी ढिगांनी पत्रं लिहिली. उत्तरं येत. बरोबर एक पुस्तिका येई, तिच्यात पाळी, गरोदरपण, बाळंतपण यांच्याविषयी साध्या भाषेत लिहिलेलं असे. मोकळी हवा घ्या, नीट जेवा, स्वच्छता ठेवा आणि अर्थातच बाटली चालू ठेवा.

म्हणजे बघा, बाटलीबरोबर तीन गोष्टी विकल्या जात होत्या. कोणीतरी ऐकतं आहे हा दिलासा, शरीराबद्दलची थोडी माहिती आणि शस्त्रक्रियेच्या सुरीपासून सुटका. या तिन्ही गोष्टी बायकांना खरोखर हव्या होत्या आणि दुसरीकडे कुठे मिळत नव्हत्या. बाजाराने नेमकी ही जागा हेरली.

थडग्याचा फोटो

१९०५ साली 'लेडीज होम जर्नल' या मासिकाचे संपादक एडवर्ड बोक यांनी दोन चित्रं शेजारी शेजारी छापली. एकात पिंकहॅमची जाहिरात, मिसेस पिंकहॅम आपल्या प्रयोगशाळेत बसून आजारी बायकांना मदत करताहेत अशी. दुसऱ्यात लिनच्या स्मशानातला लिडियाच्या थडग्याचा फोटो. ती १८८३ सालीच वारली होती! बायका बावीस वर्षं मेलेल्या बाईला पत्रं लिहीत होत्या. कंपनीने उत्तर दिलं की मिसेस पिंकहॅम म्हणजे आमची सूनबाई.

त्याच वर्षी सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स या पत्रकाराने 'कॉलिअर्स' साप्ताहिकात या सगळ्या औषधांच्या धंद्यावर लेखमाला लिहिली. मिसेस विन्सलोज सूदिंग सिरप नावाचं बाळांना शांत झोपवणारं औषध घरोघर होतं. त्यात मॉर्फीन होतं. काही बाळं त्या झोपेतून उठलीच नाहीत. आणखी दोन गोष्टी त्या सुमाराला उघड झाल्या. एक, औषध कंपन्या वर्तमानपत्रांशी जाहिरातीचा करार करताना अट घालत की आमच्या धंद्याविरुद्ध राज्यात कायदा झाला तर करार रद्द. मग वर्तमानपत्रं गप्प का, हे वेगळं सांगायला नको. दुसरी गोष्ट जास्त लागणारी आहे. टपालाने औषधं विकणाऱ्या कंपन्यांना आलेली रोग्यांची खाजगी पत्रं दलालांमार्फत गठ्ठ्यांनी विकली जात होती. दुखणाईत माणसाने पोटातलं लिहिलेलं पत्र म्हणजे पुढच्या विक्रेत्यासाठी आयता पत्ता.

कायदा आला, पुढे काय?

जून १९०६ मध्ये अमेरिकेत शुद्ध अन्न आणि औषध कायदा झाला. त्यामागे बायकांच्या मंडळांचा मोठा वाटा होता. ॲलिस लेकी यांच्यासारख्या कार्यकर्त्या, महिला क्लबांचा महासंघ आणि दारूबंदीवाल्या बायका यांनी सह्या गोळा केल्या, पत्रांचा भडिमार केला. देशभरच्या बायकांना मताचा अधिकार १९२० साली मिळाला, म्हणजे मत नसताना त्यांनी हे केलं.

पण कायद्याने नेमकं काय केलं? दारू, अफू, मॉर्फीन, कोकेन असलं काही घातलं असेल तर लेबलवर लिहा म्हणाला. विकू नका असं म्हणाला नाही. गुण येण्याच्या खोट्या दाव्यांना या कायद्यात जागाच नाही, असा निकाल १९११ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. १९१२ मध्ये दुरुस्ती झाली, तिच्यात फसवण्याचा हेतू सिद्ध करायची अट होती. पिंकहॅमच्या लेबलवर दारूचं प्रमाण छापून आलं आणि खप? तो १९२५ च्या सुमाराला सगळ्यात जास्त होता.

याचं कारण उघड आहे. बाटलीत काय आहे ते कायद्याने सांगितलं, पण बाई बाटलीकडे का गेली, ते कोणी विचारलं नाही. डॉक्टरांच्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनने भोंदू औषधांची जाडजूड पुस्तकं काढली. त्यातली टीका रास्तच होती. पण त्याच संघटनेने गर्भनिरोध हा वैद्यकाचा रीतसर भाग मानायला १९३७ साल उजाडलं. त्याआधी १९१६ मध्ये मार्गारेट सँगरने ब्रुकलिनच्या गरीब वस्तीत संततिनियमनाचं केंद्र उघडलं, तर काही दिवसांतच पोलिसांनी ते बंद केलं. मग दिवस जाऊ नयेत म्हणून बायकांनी काय वापरलं? 'स्त्रियांची स्वच्छता' अशा आडपडद्याच्या भाषेत लायसॉलची जाहिरात व्हायची. ते जंतुनाशक पाण्यात घालून बायका आतून धुवायच्या. आग व्हायची, भाजायचं, काही जणी त्यात दगावल्या, आणि दिवस राहायचे ते राहायचेच.

आपल्याकडची बाटली

आपल्याकडे १८७७ साली व्ही. पी. टपाल सुरू झालं. पैसे पोस्टमनला द्यायचे आणि पुडकं घ्यायचं. मराठी वर्तमानपत्रांतल्या औषधांच्या जाहिरातींखाली मग 'व्ही. पी.ने मागवा' आलं. आणि सूदिंग सिरपची बहीण आपल्याकडे आधीपासून होतीच. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बाया तान्ह्या बाळांना अफूची बाळगोळी देत, हे त्या वेळच्या सरकारी पाहण्यांत नोंदलं आहे. आया निष्काळजी, अशी टीका झाली. पण दिवसाचे दहा-दहा तास गिरणीत, बहुतेक ठिकाणी पाळणाघर नाही, घरी बघायला कोणी नाही. ती गोळी बाळाला झोपवायची, तेव्हा कुठे आईला कामावर जाता यायचं. गोळी वाईटच होती. पण ती हातातून काढून घेण्याआधी पाळणाघर आणि पगारी बाळंतरजा द्यायला हवी होती. बाळंतपणाच्या भत्त्याचा मुंबई इलाख्याचा कायदा १९२९ मध्ये झाला.

र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं आणि वाचकांच्या शरीराविषयीच्या प्रश्नांना छापून उत्तरं दिली. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. म्हणजे इकडेही तोच प्रकार. खोटं औषध विकणारा राजरोस आणि खरी माहिती देणारा आरोपी.

१९५४ साली आपल्याकडे औषधं आणि जादूई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा झाला. पाळीच्या तक्रारी, गर्भपात, गर्भनिरोध यांवरच्या औषधांची जनतेपुढे जाहिरात करायला त्यात मनाई आहे. कायदा कामाचा आहे, वापरायला हवा. पण नुसता लेबलांचा आणि जाहिरातींचा कायदा पुरत नाही, हे आपण १९८० च्या दशकात शिकलो. गर्भार आहे का हे तपासायला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनची जास्त मात्रेची औषधं सर्रास दिली जात. १९८२ मध्ये बंदीचा हुकूम निघाला, कंपन्या कोर्टात गेल्या आणि बंदी १९८८ मध्ये आली. मधली सहा वर्षं बायकांच्या आणि आरोग्याच्या संघटना भांडत होत्या. ती बाटली कुठल्या भोंदूची नव्हती, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची होती.

आणि बॅटीची सुरी? २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांची सरकारी पाहणी झाली. ८२ हजारांहून अधिक बायकांत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पांढरं जातं, पोट दुखतं, एवढ्यावर पिशवी काढायचा सल्ला मिळाल्याचं अनेकींनी सांगितलं. फडावर खाडा झाला की दंड, पाळीला पाणी नाही, आडोसा नाही. अशा ठिकाणी पुडी विकणारा आणि पिशवी काढणारा, दोघांचंही फावतं.

आपण काय करायचं?

वस्तीच्या बैठकीत एखादी बाई पदराआडून पुडी काढते किंवा मोबाइलवरची जाहिरात दाखवते. तेव्हा 'हे सगळं थोतांड आहे' हे आपलं पहिलं वाक्य असू नये. पहिलं वाक्य असावं, 'तुला काय होतंय?' दुसरं, 'आधी कुणाला सांगितलंस, ते काय म्हणाले?' पुडीत काय आहे, हा प्रश्न तिसरा. त्यावर लिहिलेलं असेल तर मोठ्याने वाचू, नसेल तर का नाही ते बोलू. जाहिरात जपून ठेवू आणि औषध प्रशासनाकडे तक्रार करू. पण तेवढ्याने काम संपत नाही. तिला तपासणारी, तिचं ऐकून घेणारी डॉक्टर सरकारी दवाखान्यात आहे का, फडावर पाणी आणि आडोसा आहे का, यासाठी भांडावं लागेल. नाहीतर एक पुडी आपण काढून घेऊ आणि ती दुसरी आणेल.

शेवटचं, आपल्या स्वतःबद्दल. शिबिरांत बायका आपल्याला फार आतलं सांगतात. आपण ते लिहून घेतो, अहवालात घालतो, परिषदेत वाचतो. तिला विचारलेलं असतं का? त्या अहवालाचं पुढे काय झालं, हे तिला कधी कळतं का? बाईच्या पत्रांचे गठ्ठे विकणारे दलाल शंभर वर्षांपूर्वी होते. आपलं काम चांगलं आहे म्हणून हा प्रश्न आपल्याला लागू नाही, असं नाही. बाई विश्वासाने बोलते तेव्हा त्या बोलण्यावर पहिला हक्क तिचाच असतो. यावर आता गटांत चर्चा करू या, आणि प्रत्येक गटाने आपल्याकडची एक तरी पुडी किंवा बाटली समोर ठेवून बोलावं, अशी माझी विनंती आहे.